पुढं चालणाऱ्याची पाठ

बिऱ्या,

तुझी आई माझ्याकडं तुझं तोंड मागायला आली होती.

दहाव्याच्या दोन दिवस आधी. सुप्याहून एसटीनं एकटीच आली, बारामतीच्या स्टँडवरनं विचारत विचारत आपल्या फोटो स्टुडिओत पोचली. काउंटरवर अण्णा होते. मालक असून ते उठले, खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "शेखर, तेराव्याला पाटावर फोटू ठेवावा लागतो रं. घरात त्याचा एक बी फोटू न्हाय. तू एवढी चितरं काढलीस त्याची. एक तोंड तेवढं काढून दे."

मी म्हणालो, "देतो की मावशी, त्यात काय एवढं." खरंच वाटलं होतं मला, त्यात काय एवढं. उन्हाळ्यापासून तुला समोर उभा करून काढत होतो मी. चालताना, वाकताना, खांद्यावर कोकरू घेतलेला, काठीवर हनुवटी टेकून उभा राहिलेला. मावशीला एसटीत बसवून आलो, मागच्या खोलीत आपली फाइल उघडली आणि एकेक पान उलटत गेलो. कुठंच तुझं तोंड नव्हतं.

तुला माहीतच आहे का नव्हतं ते. स्टोरीबोर्ड म्हणजे घाईची चित्रं. पिक्चर काढायच्या आधी तो कागदावर चौकटी-चौकटींनी मांडायचा. माणूस कुठून आला, कुठं गेला, कॅमेरा लांब आहे का जवळ, एवढं कळलं की काम झालं. तोंडाच्या जागी एक अंडं काढायचं आणि त्याच्यावर एक उभी, एक आडवी रेघ. रेघांवरनं समजतं माणूस कुठल्या बाजूला बघतोय ते. सगळ्या फाइलभर तू तसाच होतास, अंड्यावर दोन रेघा. नाहीतर पाठमोरा.

तुला मुडद्या म्हणायची माझी सवय. "मुडद्या, हलू नको", "मुडद्या, हात खाली घे". त्या दिवशी ती पानं बघताना तीच शिवी तोंडापर्यंत आली आणि तिथंच अडकली. इतक्या शिव्या आहेत आपल्याकडं, आणि मला नेमकी हीच लागावी!

फोटो स्टुडिओत कामाला असलेल्या माणसाचा एक फोटो नसावा, हे कुणाला सांगितलं तर हसतील लोक. पण तुझ्या हातात कायम तो लाइट. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग असलं की अण्णा कॅमेरा घेणार आणि तू त्यांच्या शेजारी हॅलोजन उंच धरून उभा राहणार. वऱ्हाडी मंडळी तुझ्याकडं बघायची ती डोळ्यांवर हात धरून. दोन तालुक्यांतल्या नवऱ्या तू उजेडात आणल्यास, आणि तुला मात्र कुणी धड बघितलं नाही. मी तरी कुठं बघितलं? मी आपला मागं बसून कॅसेटच्या डब्यांवर "चि. सौ. कां." लिहीत असायचो.

इंदापूरच्या त्या लग्नातच सगळं सुरू झालं. उन्हाळ्यातलं लग्न, मांडवात पंखे गरम हवा फेकत होते. मी व्हिडिओच्या सुरुवातीला दाखवायचा बोर्ड रंगवत बसलो होतो. कलश, नारळ, दोन मोर, नेहमीचंच. नवरीची मावसबहीण मुंबईहून आली होती, कार्टून पिक्चर काढतात तिथं कामाला. ती माझ्यामागं येऊन उभी राहिली. तू तिला लगेच "मॅडम" म्हणायला लागलास, म्हणून आपण कायम मॅडमच म्हणत आलो. त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. पण तुझे मोर नुसते उभे आहेत. हे कुठून आले आणि आता कुठं जाणार, ते मला दिसत नाही."

मला राग आला होता. मोर काय एसटीनं जाणार आहेत, असं मी तुझ्या कानात पुटपुटलो. पण तू लाइट खाली ठेवून त्यांच्यामागं गेलास आणि सरळ विचारलंस, "मॅडम, मग तुमच्याकडं कामाला घ्यायला काय लागतं?"

त्यांनी जे सांगितलं ते तू पाठ करून आलास. देवाची चित्रं नकोत, हिरो-हिरॉइनी नकोत. एकच गोष्ट घ्या, चौकटींत मांडा, शब्द न लिहिता, आणि एकदा धरलेली दिशा सोडू नका. हात, पाय, जनावर आणि पाणी हे काढता आलं पाहिजे. चांगलं पान पहिलं ठेवा, कच्चं पान फाडा, दया दाखवू नका. थंडीत घेऊन या, तारीख कळवीन, मी बघीन. तुझी पाठांतराची तऱ्हाच न्यारी. अगदी त्यांच्यासारखी मान वाकडी करून सांगितलंस आणि मी हसून लोळलो.

आमच्या माळेगावात तेव्हा वडिलांनी मला साखर कारखान्यात चिकटवायचं जवळजवळ नक्की केलं होतं. मी घरी काही बोललो नव्हतो. तुला मात्र म्हणालो, "गोष्ट कुठनं आणायची रं?" तू म्हणालास, "आबा मेंढरं घिऊन संगमावरनं पलीकडं जायचा, ते काढ की. हात, पाय, जनावर, पाणी, समदं हाय त्यात." मुडद्या, मला विचार करायला एक संध्याकाळसुद्धा लागू दिली नाहीस.

तुमची मेंढरं विकली तेव्हा तू शाळेत होतास. चरायला रानं राहिली नाहीत, जिकडं पाणी आलं तिकडं ऊस झाला. आमचाच ऊस, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. पण त्याआधी दोन-तीन वर्षं आबा आणि तू, बापलेक, मेंढरं घेऊन हिंडला होतात आणि ते सगळं तुझ्या अंगात होतं. पहिली पानं बघितल्यावर तू जे खिदळलास, ते माझ्या अजून कानात आहे.

"ही काय कुत्री हायत का रं? आन् ह्यो गडी मागनं काठी घिऊन का पळतोय? तुमच्या उसाच्या गाडीचं बैल हायत व्हय ते?"

मी म्हणालो, "मेंढरं हाकतोय तो."

"हाकत न्हाईत लेका मेंढरं. एक गडी पुढं चालतो, ती त्येच्या मागनं येत्यात. मागं असतो एखादा, ऱ्हायल्या-साहिल्यांसाठी. पण खरा गडी पुढचा."

मग सगळी पानं फाडली. दया दाखवली नाही. स्टुडिओत उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्यांच्या कोऱ्या बाजूवर नव्यानं चौकटी काढल्या. काळ्या कार्डशीटवर एका पानाला तीन, अशा डिंकानं चिकटवल्या. प्रत्येक चौकटीच्या पाठीमागं कुणाचं तरी लग्न.

आणि परीक्षा तुझ्या आईची. ही अक्कल तुझी, ती मी मॅडमना पण सांगितली. तुझं म्हणणं, ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला समजलं तरच पान पास. सुप्याला तुमच्या अंगणात मावशी ज्वारी निवडत बसलेली असायची. आपण पानं तिच्यापुढं ओळीनं मांडायची आणि गप्प बसायचं. तिनं "मग?" म्हटलं की पान पास. "ह्यो कोन?" म्हटलं की नापास. एकदा मी एका चौकटीत मेंढरं उजवीकडं चाललेली काढली आणि पुढच्या चौकटीत नदी छान दिसावी म्हणून डावीकडं. मावशी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माघारी का फिरली रं? काय इसरलं का काय मागं?" आपण दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. हेच मॅडमनी सांगितलं होतं, एकदा धरलेली दिशा सोडू नका म्हणून, आणि मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. ते पान मी परत काढलं. त्या दिवशी मावशीनं आपल्याला पिठलं-भाकरी वाढली आणि तू माझ्या ताटातली मिरची पळवलीस.

दिवाळी झाल्यावर शेवटच्या भागासाठी आपण नरसिंहपूरला गेलो. भीमा-नीरेचा संगम, घाट, वर देऊळ, पलीकडं वाळू. तू आबांचं जुनं धोतर नेसलास, पटका बांधलास आणि पाण्यात उतरलास. कोकराच्या जागी खांद्यावर माझी उशी. घाटावर आलेल्या बायका बघून हसत होत्या. एकीनं विचारलं, "काय नवस हाय का?" तू तिथनंच ओरडलास, "व्हय मावशी, ह्येला नोकरी लागू दे म्हून!"

मेंढरू पाण्याला भितं, हे तू मला समजावून सांगितलंस. म्हणून पुढचा गडी एका कोकराला खांद्यावर घेतो, पाण्यात शिरतो. कोकरू ओरडतं, त्याची आई मागं येते, तिच्यामागं बाकीची. तू चाललास आणि मी काढत गेलो. लांबून, जवळून, फक्त पाय, फक्त पाणी. इतकी भराभर चित्रं माझ्या हातून कधी उतरली नव्हती. मग तू पलीकडच्या वाळूवर निघालास आणि मी ओरडलो, "आता थांब! वळ आणि मागं बघ!"

तू वळला नाहीस.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत ओरडलो. तू तसाच पाठमोरा उभा. शेवटी मी नावेनं पलीकडं आलो तर तू म्हणालास, "पुढच्यानं मागं बघायचं नसतं."

"का?"

"थांबत्यात मेंढरं. पुढच्यानं वळून बघितलं की त्यास्नी वाटतं थांबायचंय. अर्धी पाण्यात असली तर बुडत्यात. लहानपणी एकदा बघितलं मी वळून, तर आबानं ढेकूळ हाणलं हुतं डोक्यात."

इथनं आपलं भांडण लागलं आणि ते मिटलंच नाही. मी म्हणालो, अरे गाढवा, हा पिक्चर आहे. सगळी गोष्टभर याचं तोंड दाखवलेलं नाही. शेवटी एकदा तो वळणार, तोंड पडदाभर दिसणार, तिथंच बघणाऱ्याच्या पोटात तुटलं पाहिजे. त्या एका चौकटीत मी अंडं काढणार नव्हतो. डोळे, नाक, भिजलेल्या मिश्या, सगळं काढणार होतो. तू म्हणालास, "मग मेंढरं बुडव. शेवटच्या चौकटीत मेलेली मेंढरं काढ, मग मी वळतो." मी म्हणालो, "तुला तोंड दाखवायची एवढी लाज वाटती का रं?" तू म्हणालास, "तोंड काय, समद्यांना असतंय." आणि धोतर पिळायला लागलास.

परतीच्या एसटीत आपण बोललो नाही. मग रोज थोडंथोडं भांडलो. डबा खाताना, कॅसेटी रिवाइंड करताना. अण्णा वैतागून म्हणायचे, "अरे, त्या मेंढरांना एकदाचं पार करा रे बाबांनो." शेवटची चौकट मी तुझ्या म्हणण्याप्रमाणं, पाठमोरी, काढून ठेवली होती, तात्पुरती. तिच्यापुढं एक जागा कोरी ठेवली होती माझ्या तोंडासाठी. म्हणजे तुझ्या.

त्या दिवशी दुपारी तू मोपेड काढत होतास. इंदापूरकडचं रात्रीच्या मुहूर्ताचं लग्न, अण्णा पुढं गेले होते. लाइटचं खोकं मागं बांधताना तू म्हणालास, "आल्यावर बोलू. पण मी वळणार न्हाय." मी म्हणालो, "मर जा." आपण रोज दहा वेळा म्हणत असू एकमेकांना. सगळी दुनिया म्हणते. त्याचा मी विचार करत बसत नाही, तसा विचार करायला लागलो तर आपल्याकडं कुणाला बोलताच येणार नाही.

दिवस मावळताना रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. तिला ना दिवा ना लाल फडकं. वीस जणांच्या संसाराएवढा ऊस भरलेला आणि मागं एक दिवा लावायला कुणाला सुचलं नाही! मी उसाच्याच घरातला आहे, आणि दरवर्षी अशा ट्रॉल्या बघत आलोय, पण आता एकीच्याही मागनं मला सरळ जाता येत नाही. तुझा लाइट शाबूत राहिला बघ. काचेला चरासुद्धा नाही. अण्णांनी तो कपाटावर ठेवलाय, कुणी हात लावत नाही. परवाच्या लग्नाला त्यांनी नवा आणला.

तुझी रक्षा नरसिंहपूरलाच नेली. आबा पाण्यात उतरले, नेमके त्याच पायऱ्यांवरनं. मी घाटावर उभा. सगळे आबांच्या हाताकडं बघत होते आणि मी पलीकडच्या वाळूकडं. तिथं कुणी नव्हतं. तरी मी बघत राहिलो, कारण मला वाटत होतं की तू आहेस, फक्त अजून वळला नाहीस.

आणि मग मावशी तोंड मागायला आली.

मी आठवणीनं काढायला बसलो. नाक बरोबर यायचं. डोळे यायचे. कपाळावरचा तो ढेकळाचा व्रण पण आला. पण सगळं एका जागी आणलं की समोर भलताच माणूस. एकदा तर चक्क तुझ्यासारखा दिसणारा कुणीतरी आला, तो जास्तच भयंकर होता. मी तो उलटा घातला. उलटा घातल्यावर लग्नाचं निमंत्रण दिसायला लागलं, "आपली उपस्थिती प्रार्थनीय."

मग अण्णांना म्हणालो, कॅसेटी बघू. त्यांनी मुकाट्यानं कपाटाची किल्ली दिली. दोन दिवस मी लोकांची लग्नं बघत बसलो. हळदी, वरमाला, पंगती, रडणाऱ्या करवल्या. सगळ्यांच्या तोंडावर तुझा उजेड, आणि तू कुठंच नाहीस. आवाज मात्र सापडला. "नवरीबाई, जरा वर बघा ओ." "मामा, सरका की हिकडं." मी ते मागं-पुढं करून ऐकलं, इतकं की अण्णा उठून बाहेर गेले. एका पंगतीत उजेड एकदम हलला आणि परत स्थिर झाला. तुला शिंक आली होती. एकदा तुझा हात आला, मनगटापर्यंत, वायर सोडवताना. एका भिंतीवर तुझी सावली.

एका लग्नात आहेर मांडला होता. भांडी, मिक्सर, गादी, आणि लोखंडी कपाट, आरशाचं. अण्णांचा कॅमेरा एकेक वस्तू दाखवत त्या कपाटाकडं चालला आणि मी टीव्हीच्या जवळ सरकलो. आरशात अण्णा दिसणार, आणि त्यांच्या शेजारी तू. कॅमेरा आला. आरशात अण्णांचा खांदा दिसला, आणि त्याच्या बाजूला, जिथं तुझं तोंड असायला पाहिजे, तिथं पांढरा फटक गोळा. तुझाच लाइट तुझ्याच तोंडावर. मी टीव्ही बंद केला आणि ओरडून रडलो. इतके दिवस रडलो नव्हतो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सुप्याला गेलो. काढलेली सगळी तोंडं पिशवीत घातली, आणि फाइलही घेतली, का ते माहीत नाही. आबा ओट्यावर होते. मावशीनं अंगणात पोतं अंथरलं. मी तोंडं मांडली. तिनं एकेक हातात घेतलं, उजेडाकडं धरलं आणि बाजूला ठेवलं.

"ह्यो न्हाय. ह्यो बी न्हाय. ह्यो तर तुझ्यावानीच दिसतोय की रं."

मी म्हणालो, "मावशी, मला येईना. माफ करा." तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मुलगा तिचा गेलेला, आणि ती माझ्या पाठीवरनं हात फिरवतेय! मग तिला फाइल दिसली. "ती आन हिकडं," म्हणाली.

तिनं स्वतः पानं मांडली. क्रमानं. मला आकडे बघावे लागतात, तिला नाही लागले. मेंढरांचा तळ हलला, माळ आला, धुरळा आला, नदी दिसली. प्रत्येक पानावर ती हळूच "मग?" म्हणत होती, पण मला नव्हे. कोकरू खांद्यावर घेतलं, पाय पाण्यात गेले. मग शेवटची चौकट. पलीकडची वाळू, भिजलेलं धोतर, खांद्यावर कोकरू आणि पाठ. तिथं तिनं बोट ठेवलं.

"ह्यो. ह्यो माझा बिरू."

मी म्हणालो, "मावशी, याला तोंड नाही."

"डावा खांदा बघ की. झाडावरनं पडला हुता लहानपणी, तवापास्नं असाच खाली धरतो. तूच काढलायस न्हवं?"

मी बघितलं. डावा खांदा खरंच खाली होता. सगळ्या पानांवर खाली होता. मला कधी कळलंच नव्हतं, हातानं आपलं जे दिसलं ते काढलं होतं.

आबा ओट्यावरनं म्हणाले, "पाठ? पाटावर पाठ मांडायची? लोक काय म्हणतील?"

मावशी वळली नाही. चौकटीवरचं बोट तसंच ठेवून म्हणाली, "पुढच्यानं मागं बघायचं नसतं. तुमीच शिकवलं न्हवं त्याला?"

आबा उठले आणि गोठ्याकडं गेले, तिथं आता काही नसतं तरी. मी ती चौकट कार्डशीटवरनं सोडवली. डिंक घट्ट बसला होता, नखानं हळूहळू काढावी लागली. सुप्यातच तिला काच लावून घेतली. काच लावणाऱ्यानं उलटी करून बघितली आणि विचारलं, "मागं लग्नाची पत्रिका हाय, ऱ्हाऊ द्यायची का?" मी म्हणालो, राहू दे. तुझ्या पाठीमागं आता कुणा अनोळखी जोडप्याचं लग्न आहे, कायमचं.

तेराव्याला माणसं आली. हार घातलेली पाठ बघून आधी दचकली. मग तुमच्या भावकीतला एक म्हातारा पुढं झाला, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "बिरूच की." मागनं बायकांनी हुंदका फोडला. कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. पान पास झालं, लेका.

त्यानंतर आठवडाभरात मॅडमनी बोलावलेली तारीख आली. मी जाणार नव्हतो. अण्णांनी एसटीडी बूथवरनं स्वतः फोन लावून सांगितलं की पोरगा येतोय, आणि मला गाडीत बसवून दिलं. फाइलच्या पहिल्या पानावर मी दोन नावं घातली, माझं आणि तुझं. तुला विचारलं नाही. जिवंतपणी तू घालू दिलं नसतंस, "म्या काय काढलंय?" म्हणाला असतास. आता भांड.

मॅडम टेबलाशी बसून पानं उलटत गेल्या. मी नखं खात उभा. त्या नदीपाशी आल्या आणि पानं उलटायची गती कमी झाली. शेवटच्या पानावर दोन कोऱ्या जागा. एकीत डिंकाचे डाग, दुसरी स्वच्छ.

"इथलं कुठं गेलं?"

"घरी आहे. भिंतीवर लावलंय. ते परत येणार नाही, मॅडम."

त्यांनी पहिलं पान परत काढलं. "हे दुसरं नाव कुणाचं?"

मी म्हणालो, "चौकटीत आहे तो."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. लाइट धरणारा तू त्यांना आठवला का नाही, मला माहीत नाही. त्यांना त्या लग्नात डोळ्यांवर हात धरलेलं मी मात्र कॅसेटीत बघितलंय. मग त्यांनी त्या स्वच्छ, कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "आणि इथं काय येणार होतं? शेवटी हा वळून बघतो का?"

बिऱ्या, दिवाळीपासून मी या एका प्रश्नाला "हो" म्हणत आलो होतो. तुझ्याशी कडाकडा भांडलो होतो. आणि मुंबईच्या त्या गार खोलीत, साहेबी टेबलापुढं, माझ्या तोंडून तुझीच भाषा बाहेर पडली.

"न्हाय. मागं बघितलं तर मेंढरं थांबत्यात."

त्यांनी मला घेतलं. पुढच्या महिन्यापासून जायचंय. वडील अजून कारखान्याचं म्हणतात, पण पूर्वीसारखं जोर लावून नाही. हे सगळं तुला सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून लिहितोय. जिंकलास तू, मान्य. तुझ्यामागं आम्ही सगळे पाण्यात होतो, तू वळला असतास तर आम्ही तिथंच थांबलो असतो, हेही मला कळलंय. पण मला तुझं तोंड आठवत नाही रं, आणि ते मला पाहिजे होतं. एकदाच. नियम मोडून.

फाइल काखेत मारून मी त्या इमारतीचा जिना उतरायला लागलो. वरच्या जिन्यावर उजेड होता, कुणीतरी मोठा दिवा लावून ठेवला होता, माझी सावली माझ्यापुढं पायऱ्या उतरत होती. पहिल्या वळणावर मी थांबलो.

आणि वळून बघितलं. माझ्यामागं कुठं मेंढरं होती?